खडूसारखा उतरणारा जेलकोट: गडद निळ्या बोटीची चमक परत आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. फायबरग्लासची सुमारे ७ मीटर लांबीची बोट, बाजू गडद निळ्या, वय १५ वर्षांच्या आसपास. हात फिरवला की तळव्यावर निळसर पांढरी भुकटी येते. हाताने कंपाउंड (घासून चमक काढणारी पेस्ट) मारून वर वॅक्स लावणं दोनदा करून झालं. दोन्ही वेळा आठवडाभर बोट सुरेख दिसली आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा होती तशी झाली. आता सरळ रंग द्यावा, की जेलकोट वाचेल?

बहुधा वाचेल. पण आधी दोन वेळचं काम का टिकलं नाही ते नीट समजून घ्या, नाहीतर तिसऱ्यांदाही तेच होईल.

जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. बोट साच्यात बनते तेव्हा साच्यावर सगळ्यात आधी हा थर फवारतात आणि मग त्याच्या मागे काचतंतूंचे थर चढवतात. म्हणजे नव्या बोटीची चमक ही वरून लावलेली कुठली गोष्ट नसते. साचा आरशासारखा गुळगुळीत असतो आणि जेलकोट त्याची हुबेहूब नक्कल असतो. उन्हातले अतिनील किरण वरच्या रेझिनच्या साखळ्या तोडतात. रेझिन झिजतं, रंगद्रव्याचे कण मोकळे पडतात आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे तयार होतात. तळव्यावर येते ती याची भुकटी. असा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून निळा रंग धुरकट पांढुरका दिसतो. पांढऱ्या बोटीवरही हेच होत असतं, फक्त तिथे ते लपून जातं. गडद बोट उन्हात तापतेही जास्त आणि प्रत्येक दोष उघडाही पाडते, त्यामुळे तुमचं काम पांढऱ्या बोटीपेक्षा अवघड आहे हे आधीच मान्य करून चला.

आता बाजूवर पाणी मारून बघा. रंग एकदम खोल आणि ताजा दिसेल, आणि पाणी वाळलं की पुन्हा फिका पडेल. पाण्याने ते बारीक खड्डे तात्पुरते भरले, एवढंच झालं. कंपाउंडमधली तेलं आणि वरचं वॅक्स नेमकं हेच करतात, फक्त पाण्यापेक्षा थोडे जास्त दिवस. हाताने घासून मेलेला थर पूर्ण निघत नाही, कारण जेलकोट कठीण असतो आणि हाताला तेवढा वेग नसतो. भुकटी तशीच राहिली, तेलाने ओली झाली, वर वॅक्स बसलं आणि तेल उडाल्यावर मूळ रूप परत दिसलं. वॅक्सचा ब्रँड बदलून यात काहीही फरक पडणार नाही. मेलेला थर काढून खालचा शाबूत जेलकोट गुळगुळीत करणं हेच खरं काम आहे.

किती थर शिल्लक आहे?

नवा जेलकोट साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटर जाड असतो. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर याच्या साधारण दहावा हिस्सा असतो, म्हणून मोटारीवर जी घासाई म्हणजे वेडेपणा ठरेल ती इथे चालते. पण हा साठा परत भरून येत नाही. प्रत्येक वेळी सोलून काढलेला थर कायमचा गेला, म्हणून कमीत कमी काढून भागवायचं हा या कामातला पहिला हिशेब.

जाडी मोजायला मोटारवाल्यांचं नेहमीचं मीटर चालत नाही, ते धातूवरच काम करतं. फायबरग्लाससाठी अल्ट्रासोनिक मीटर लागतं आणि ते महाग असतं. त्याऐवजी बाजूवर बसवलेली एखादी छोटी फिटिंग काढा आणि भोकाच्या कडेला भिंगातून बघा. रंगीत जेलकोट आणि मागचा काचतंतूंचा थर यांतली सीमा स्पष्ट दिसते. फिटिंगखालचा भाग न झिजलेला असतो, त्यामुळे मूळ जाडी तिथे कळते. बाहेरचा भाग त्याच्या तुलनेत किती खाली गेला आहे ते नखानेही जाणवतं.

पाणी मारल्यावरही रंग परत येत नसेल, डाग डाग दिसत असतील किंवा आतल्या काचतंतूंची जाळी अंधूक डोकावत असेल, तर तिथे जेलकोट संपत आला आहे. तिथे घासू नका. असे भाग बहुतेक वेळा नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) कडेवर, बाजू आणि ट्रान्समच्या (मागच्या सपाट भिंतीच्या) कोपऱ्यावर आणि धक्क्याला घासणाऱ्या पट्ट्यात सापडतात.

धुणं

मिठाचा एक कण घासायच्या कागदाखाली अडकला तर लांबलचक ओरखडा पाडतो, म्हणून आधी भरपूर गोडं पाणी. मग सौम्य साबण आणि मऊ ब्रश. त्यानंतर जुनं वॅक्स काढायचं. वॅक्स काढणारं द्रावण वापरा, किंवा अॅसिटोन आणि दोन फडकी: एकाने ओलं करायचं, ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्याने पुसून घ्यायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर वॅक्स निघत नाही, फक्त पसरतं. फडकं वारंवार बदला. अॅसिटोन चटकन पेट घेतो, त्यामुळे जवळ ठिणगी किंवा चालू मशीन नको आणि बंद शेडमध्ये हवा खेळती हवी.

पाणरेषेवरचा पिवळा-तपकिरी पट्टा आणि गंजाचे ओघळ घासून काढू नका. तो डाग आहे, झीज नाही. ऑक्झॅलिक अॅसिड असलेलं क्लीनर लावा, काही मिनिटं थांबा, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्लोरीनवाल्या ब्लीचशी ते कधीही मिसळू नका, आणि ट्रेलरच्या जस्त चढवलेल्या भागांवर ओघळू देऊ नका.

अक्षरं किंवा पट्ट्यांचे स्टिकर असतील तर हॉट एअर गनने जेमतेम कोमट करून तिरपे ओढून काढा. खालचा जेलकोट उन्हापासून वाचलेला असतो, म्हणून अक्षरांचा ठसा दिसतो. घासल्यावर तो बराच फिका पडतो, पूर्ण जाईलच असं नाही. तिथे ठसा जाईपर्यंत खोल जाण्याचा मोह टाळा. नवं अक्षर त्याच जागी बसवणं शहाणपणाचं.

चाचणीचा चौकोन

संपूर्ण बाजूला हात घालण्याआधी ५० × ५० सेंटीमीटरचा एक चौकोन टेपने आखा. जागा सगळ्यात खराब दिसणाऱ्या भागात निवडा, सोयीच्या भागात नको. सुरुवात सगळ्यात हलक्या उपायाने करायची. पॉलिशर मशीनवर लोकरीचं पॅड आणि जेलकोटसाठीचं कडक कंपाउंड घेऊन दोन फेऱ्या मारा. मग अर्धं पाणी, अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल अशा मिश्रणाने पुसा. हे पुसणं विसरू नका. कंपाउंडचं तेल निघाल्याशिवाय खरी चमक आणि उसनी चमक यांतला फरक कळत नाही. पुसल्यावरही खोल रंग टिकला आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कडा सांभाळून दिसलं तर वॉटर पेपरची (भिजवून वापरायच्या घासायच्या कागदाची) गरजच नाही. प्रतिबिंब धूसर असेल तर शेजारच्या चौकोनात पी १५०० च्या कागदापासून सुरू करा (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक). तेही पुरलं नाही तर पी १०००, आणि अगदीच नाइलाज असेल तर पी ८००. जो सगळ्यात बारीक कागद काम करतो तोच पूर्ण बोटीचा पहिला कागद.

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पी १००० वर काम भागेल असा माझा कयास आहे. पण चौकोन जे सांगेल ते माझ्या कयासापेक्षा खरं.

कागदाच्या मागचं 'पी' अक्षर नीट बघा. युरोपीय मापात पी १००० चा कण साधारण १८ मायक्रॉनचा, पी १५०० चा १२ ते १३ आणि पी २००० चा १० मायक्रॉनचा असतो. अमेरिकन मापाच्या कागदावर 'पी' नसतो आणि तोच आकडा तिथे बराच बारीक कण दाखवतो. दोन्ही मापांचे कागद एकाच कामात मिसळले की पायऱ्या चुकतात, आणि शेवटी न जाणारे ओरखडे कुठून आले ते कळत नाही.

टवके आणि तडे आधी भरून घ्या

चौकोन चकचकीत झाला की बोटीचा आजचा खरा रंग समोर येतो. नव्या जेलकोटचा रंग या चौकोनाशी जुळवायचा, कारखान्याच्या रंगपत्रकाशी नाही. १५ वर्षं उन्हात राहिलेला निळा मूळ निळा उरलेला नसतो. रंगाची पेस्ट थोडी थोडी मिसळा, पण एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ नका, नाहीतर जेलकोट नीट कडक होत नाही. प्रत्येक नमुन्याचा एक ठिपका हार्डनर (जेलकोट कडक करणारं रसायन) घालून वाळवून बघा. ओला रंग आणि वाळून घासलेला रंग यांत फरक पडतो.

केसासारखे तडे वरून लिंपून बुजत नाहीत. थोड्याच दिवसांत रेघ पुन्हा वर येते. छोट्या रोटरी टूलने किंवा टोकदार खरवडणीने तडा इंग्रजी 'व्ही' आकारात मोकळा करा, दोन्ही टोकांना तडा संपतो त्याच्या थोडं पुढे जा, आणि कडा पी २४० ने खरखरीत करा. एकाच बिंदूपासून चांदणीसारखे फुटलेले तडे असतील तर तिथे मार बसला आहे. मागचा थर सुटला आहे का ते नाण्याने ठोकून ऐका. आवाज बद्द आला तर आधी आतली दुरुस्ती.

हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), वजनाने साधारण २ टक्के. २५ ग्रॅम जेलकोटला ०.५ ग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरच्या सिरिंजने ०.४५ मिलिलिटर. २० ग्रॅमपेक्षा कमी मिश्रण करू नका, इतक्या छोट्या मापात एका थेंबानेही प्रमाण बिघडतं. हार्डनर कमी पडला तर जेलकोट आतून मऊ राहतो. जास्त पडला तर झटकन घट्ट होतो, ठिसूळ होतो आणि पुढे लवकर फिका पडतो. हवा १८ ते २५ अंश असावी, १५ च्या खाली काम पुढे ढकला. घट्ट वाटला म्हणून अॅसिटोन घालू नका, ते अडकून राहतं आणि थर सच्छिद्र होतो.

एमईकेपीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. डोळ्यात गेलेला एक थेंब दृष्टी कायमची घालवू शकतो. पूर्ण बंद चष्म्याशिवाय बाटली उघडायचीच नाही, आणि उडालाच तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं डोळा धुवून थेट दवाखाना गाठायचा. कोबाल्ट अॅक्सिलरेटर (कडक होण्याचा वेग वाढवणारं रसायन) वेगळा मिळत असेल तर तो आणि एमईकेपी थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. अॅसिटोनने एमईकेपी पातळ करणंही तितकंच घातक.

साधा जेलकोट हवा लागेल तिथे चिकट राहतो, कारण ऑक्सिजन त्याचं वरचं कडक होणं अडवतो. साच्यात त्याची दर्शनी बाजू साच्याने झाकलेली असल्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. दुरुस्तीत मात्र खड्डा आजूबाजूपेक्षा किंचित उंच भरा, कारण पॉलिएस्टर आकसतं, आणि वर गुळगुळीत पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी बुडबुडे न ठेवता चिकटवा. मेण मिसळलेला जेलकोट आणला असेल तर पट्टीची गरज नाही. मात्र एकावर दुसरा थर द्यायचा झाला तर मधलं मेण घासून काढावं लागतं. एक दिवस जाऊ द्या. मग ठिगळापेक्षा लहान, कडक ठोकळ्यावर पी २४०, पी ४००, पी ६०० असं करत सपाट करा. आजूबाजूला टेप लावा. बोटाने घासलंत तर बोट मऊ भागाकडे जातं आणि ठिगळाभोवती खळगा पडतो, जो चमक आल्यावरच दिसतो.

जुनी दुरुस्ती इपॉक्सीची असेल तर तिच्यावर पॉलिएस्टर जेलकोट चढवताना सावध राहा. इपॉक्सीच्या हार्डनरमधलं अमाइन हे रसायन पूर्ण संपलेलं नसेल तर जेलकोट खालून कडकच होत नाही. पूर्ण मुरलेलं इपॉक्सी पाण्याने धुवून, खरखरीत करून मगच प्रयत्न करावा.

ओली घासाई

पाणरेषेच्या खालचा अँटिफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) विषारी असतो. तिथपर्यंत हात जाणार नाही अशी टेप आधी लावा, आणि तो कोरडा तर कधीच घासू नका. खाली पडणारा गाळ ताडपत्रीवर झेला, पाण्यात जाऊ देऊ नका.

वॉटर पेपर १५-२० मिनिटं पाण्यात भिजवा, बादलीत साबणाचे दोन थेंब टाका. कागद मऊ रबरी ठोकळ्यावर गुंडाळा. बाजू वक्र असते, कडक ठोकळा कडेने खणतो. मशीन वापरायचं असेल तर ऑर्बिटल सँडर, मऊ मधलं पॅड आणि फिल्मवाल्या डिस्क घ्या. पाणी असताना विजेच्या वायरचं मशीन नको. हवेवर किंवा बॅटरीवर चालणारं घ्या आणि पृष्ठभाग फक्त दमट ठेवा.

पहिला कागद आडवा फिरवा, पुढचा उभा, त्यापुढचा पुन्हा आडवा. यात शिस्त म्हणून काही नाही, सोय आहे. दिशा बदलली की आधीच्या कागदाचे उरलेले ओरखडे वेगळे दिसतात आणि ते संपेपर्यंत थांबता येतं. सुरुवातीला पाणी दुधाळ आणि दाट उतरेल, ती मेलेली भुकटी. मग पाणी पातळ, खऱ्या निळ्या रंगाचं होईल आणि कागद किंचित पकड घेतोय असं हाताला जाणवेल. तिथे रबरी वायपरने पाणी ओढून, वाळवून बघा. पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला की त्या कागदाचं काम झालं. फिके ठिपके राहिले तर तेवढ्याच जागी थोडं आणखी. एकाच ठिकाणी जोर लावू नका, फेऱ्या वाढवा.

पी १०००, पी १५००, पी २००० अशा पायऱ्या घ्या. गडद निळ्यावर पी ३००० ची एक जास्तीची फेरी मिळाली तर पुढचं बफिंग (मशीनने चमकवणं) निम्म्यावर येतं. पायरी गाळली की वेळ वाचल्यासारखा वाटतो, आणि मग कंपाउंड घेऊन त्या राहिलेल्या खोल रेघांमागे तासन्‌तास फिरावं लागतं. दोन कागदांच्या मध्ये बोट, बादली, ठोकळा आणि स्वतःचे हातही धुवा. पी १००० चा एक कण पी २००० च्या कागदाखाली आला की झालं. कडा आणि धारदार कोपऱ्यांवर टेप लावून ठेवा आणि ते शेवटी, हाताने, फक्त सगळ्यात बारीक कागदाने करा. तिथे सगळा दाब एका रेघेवर येतो आणि जेलकोट काही क्षणांत पूर्ण घासून जातो.

कोरड्या घासाईची धूळ फुप्फुसांना वाईट. ओलं काम असलं तरी वाळलेला गाळ उडतो, त्यामुळे एफएफपी२ मास्क ठेवा.

बफिंग

रोटरी पॉलिशर, सुमारे १८० ते २०० मिलिमीटरचं लोकरीचं पॅड, वेग मिनिटाला १,००० ते १,८०० फेरे. ग्राइंडरवर पॅड चढवण्याचा विचारही करू नका, त्याचा वेग कितीतरी पट असतो आणि जेलकोट जळतो. काम सावलीत, बाजू हाताला थंड लागत असताना. सकाळी दव पूर्ण पुसून मग सुरुवात.

एका वेळी ६० × ६० सेंटीमीटर. अंदाजे दोन चहाचे चमचे कंपाउंड बाजूवर ठिपक्यांनी लावा, मशीन बंद ठेवून पॅडने थोडं पसरवा, मग मिनिटाला ६०० ते ९०० फेरे इतक्या वेगावर सगळीकडे सारखं करा आणि त्यानंतर वेग वाढवा. पॅड जवळजवळ सपाट ठेवा, हात सावकाश चालवा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पहिल्या फेऱ्यांत मशीनचं वजन पुरे असतं, शेवटच्या दोन फेऱ्यांत तेही उचलून धरा. बहुतेक कंपाउंडचे कण घासता घासता फुटून बारीक होतात. अर्धवट थांबलात तर जाड कणांचे ओरखडे तसेच राहतात, आणि कंपाउंड वाळेपर्यंत चालवलंत तर पॅड कोरडं ओढतं, पृष्ठभाग तापतो. मधूनच तळहात टेकवून बघा. कोमट चालेल, हात मागे घ्यावासा वाटला तर थांबा. तापलेला जेलकोट मऊ पडतो, कंपाउंड त्यात रुतून बसतं आणि गडद रंगावर फिकट भाजलेला डाग राहतो.

पॅड कुठल्याही कडेवर चढणार नाही, कडेवरून बाहेर फिरेल अशा दिशेने धरा. उलट धरलंत तर पॅड कडेत अडकून मशीन उसळतं. लोकर दर दोन चौकोनांनंतर दातेरी चाकाने मोकळी करा. कडक झालेलं कंपाउंड पॅडमध्ये राहिलं की तेच नव्या ओरखड्यांचं कारण ठरतं. नवीन पॅड कमीत कमी दोन, शक्य तर तीन ठेवा.

कंपाउंड सिलिकोनविरहित घ्या. सिलिकोन भेगांत शिरून बसतं, आणि पुढेमागे जेलकोटचं ठिगळ किंवा रंग लावायची वेळ आली की माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

लोकरीनंतर बोट चमकेल आणि पुष्कळ जण तिथे थांबतात. पांढऱ्या बोटीवर ते खपतं. गडद निळ्यावर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं आणि हलत्या सावल्या दिसतात. त्या रोटरी आणि लोकर यांच्या खुणा असतात. त्यासाठी ऑर्बिटल पॉलिशर, फोमचं पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन आणखी एक पूर्ण फेरी मारावी. ही फेरी वेगळ्या दिवशी केली तरी चालेल, पण गाळू नका. मग पुन्हा अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसून, टॉर्च बाजूला जवळजवळ टेकवून तिरप्या उजेडात तपासा. समोरून पडणारा उजेड दोष झाकतो.

साहित्याचा आणि वेळेचा हिशेब असा. ७ मीटर लांबी आणि पाण्यावर सरासरी ०.९ मीटर उंची धरली तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १२.६ चौरस मीटर, म्हणजे ६० सेंटीमीटरचे ३५ चौकोन. तीन कागदांची घासाई दर चौकोनाला १२ ते १५ मिनिटं धरली तर ७ ते ९ तास, लोकरीचं काम सुमारे ४ तास, फोमचं ३ तास. धुणं, टेप आणि तपासणी धरून एका माणसाचे तीन दिवस सहज जातात. कंपाउंड १ लिटर आणि पॉलिश अर्धा लिटर पुरावं. हे एका शनिवार-रविवारात आटोपायचं ठरवलंत तर नेमकी ती मधली पायरी गाळली जाईल. त्यापेक्षा एक बाजू पूर्ण करा, दुसरी पुढच्या वेळी.

वरचं संरक्षण

उघडा केलेला ताजा जेलकोट तसाच ठेवू नका, त्याच आठवड्यात झाका. कार्नोबा वॅक्स गडद रंगाला सुंदर खोली देतं, पण कडक उन्हात दोन-तीन महिन्यांत संपतं. कृत्रिम पॉलिमर सीलंट साधारण दुप्पट टिकतं. सिरॅमिक लेप वर्ष-दोन वर्षं जातो, पण खालची तयारी निर्दोष हवी. त्याखाली राहिलेला प्रत्येक ओरखडा तोवर तिथेच राहतो आणि काढायचा तर पुन्हा घासावं लागतं. पहिल्या वर्षी सीलंटचे दोन पातळ थर, मध्ये पुरेसा वेळ देऊन, असं माझं मत. हात बसला की पुढच्या वर्षी सिरॅमिकचा विचार करा.

फरशीच्या पॉलिशसारखे पाच-सहा हात लावून झटपट चमक देणारे अॅक्रिलिकचे पातळ थर मिळतात. मेलेल्या भुकटीवर ते छान दिसतात, मग पिवळे पडतात, पापुद्रे सुटतात आणि ते काढायला वेगळं रसायन लागतं. तुमच्या बोटीसाठी मी ते सुचवणार नाही.

वॅक्स पाणरेषेच्या खाली जाऊ देऊ नका, अँटिफाउलिंग त्यावर धरत नाही. पायाखालच्या खरखरीत डेकवरही नको, पाय घसरतो.

रंग केव्हा द्यावा

चाचणीच्या चौकोनात पी ८०० नंतरही रंग डागाळलेलाच राहिला, किंवा घासताना काचतंतू उघडे पडू लागले, तर थांबा. संपूर्ण बाजूवर नवा जेलकोट फवारणं कागदावर सोपं वाटतं. पण तो अर्ध्या मिलिमीटरचा थर साच्याशिवाय संत्र्याच्या सालीसारखा बसतो आणि सपाट करण्याची घासाई आत्ताच्या कामाच्या कितीतरी पट असते. तिथे दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग बरा. तो ब्रश आणि रोलरनेही चांगला लागतो. फवारायचा असेल तर मात्र त्यातल्या आयसोसायनेटमुळे बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा गाळणीचा मास्क पुरत नाही, म्हणून फवारणी तशी सोय असलेल्या कारागिराकडेच द्यावी. फक्त नाळेच्या कडेवरचा किंवा एखाद्या कोपऱ्यावरचा जेलकोट संपला असेल तर पूर्ण बाजू रंगवण्याची गरज नाही, तेवढ्या भागावर वर सांगितल्यासारखा जेलकोट चढवा.

काम झाल्यावर बोटीच्या दर सफरीनंतर गोड्या पाण्याने धुवा, भांडी घासण्याचा तिखट साबण वापरू नका, तो सीलंट उतरवतो. बाजूवर पाण्याचे गोल थेंब बनायचे थांबून पाणी सपाट पसरू लागलं की सीलंट संपलं. लगेच धुवून नवा थर द्या. हात फिरवल्यावर पुन्हा भुकटी येईपर्यंत वाट पाहिलीत तर परत वॉटर पेपर हातात घ्यावा लागेल. उभ्या बोटीवर निदान बाजू झाकतील इतपत खाली येणारं कव्हर टाकलंत तर सीलंटचे थर जास्त दिवस पुरतील.